डोंगरातलं मीठ

प्रिय कल्पेश,

सर्वात आधी माझी एक तक्रार नोंदवून घे. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या मिशीवाल्या माणसाचा थायलंड या देशात कोणीही विचार केलेला नाही. तिथली हेल्मेटं तिथल्या माणसांच्या मापाची, आणि तिथल्या पुरुषांना मिशा असून नसल्यासारख्या. त्यामुळे मला मिळालेल्या हेल्मेटची हनुवटीची गादी बरोबर माझ्या नाकाखाली येऊन बसली. रोज संध्याकाळी ते डोक्यावरून उपसून काढलं की मिशीचं डावं टोक लाओसच्या सरहद्दीकडे आणि उजवं बँकॉककडे. कंगवा झाला, पाणी झालं, खोबरेल झालं. वर हेल्मेट गुलाबी, कपाळावर मांजरीचं चित्र. ज्या मिशीच्या जोरावर मी इतकी वर्षं लोकांची टर उडवणारं सदर चालवलं, जिचा फोटो दर आठवड्याला त्या सदरावर छापून येतो, तिची ही अवस्था. तू तिकडे मेलबर्नला कारखान्यांमधले धोके हुडकण्याचा पगार घेतोस. या धोक्याची दाद कुठे मागतात ते बघून ठेव.

फोनवर मी यातलं काही बोललो नाही. फोनवर तुला ‘देऊळ पाहिलं, फळं खाल्ली, हवा छान आहे’ एवढंच ऐकायचं होतं, आणि मी तेवढंच ऐकवत होतो. देवळं पाहिली हे खरं. फळंही खाल्ली. एका देवळापासून दुसऱ्या देवळापर्यंत आम्ही कसे गेलो, हे तू विचारलं नाहीस.

करार काय ठरला होता, ते मला पाठ आहे. तुझ्या आईने, म्हणजे माझ्या कमळीताईने, एकदा परदेशातल्या डोंगरात मोटरसायकल चालवून यायची आणि परत आल्यावर तुझ्या बाबांची जुनी यझदी विकून टाकायची. पुन्हा कधी दोन चाकांवर बसायचं नाही. तुझ्या अटी दोन: मामा बरोबर असेल, आणि रस्ता असा असेल जिथे सगळे जातात. गेल्या वर्षी खड्ड्यात चाक जाऊन तिचं मनगट मोडलं, तेव्हापासून तुला झोप नाही हे मला ठाऊक आहे. आई एकटी, साठीला टेकलेली, आणि बुडाखाली ती यझदी. या काळजीला मी हसणार नाही. एवढंच सांगतो की प्रल्हाद भावोजी गेले ते जेवून आरामखुर्चीत बसले असताना. ती आरामखुर्ची अजून ओटीवर आहे. ती विकायचं तुझ्या डोक्यात आलेलं नाही.

तर पहिली अट पाळली गेली, मी बरोबर होतो. दुसरी चियांग माईच्या बस स्टँडवर मोडली. सगळे जातात त्या रस्त्याचे तिथे टी-शर्ट विकायला होते. त्या रस्त्यावर किती वळणं आहेत त्याचा आकडा छातीवर छापलेला, म्हणजे घरी गेल्यावर कोणी विचारायला नको. ताईने एक टी-शर्ट उचलला, कापड चिमटीत धरून पाहिलं, परत ठेवला आणि म्हणाली, “जिथं रस्त्यापेक्षा टी-शर्ट जास्त खपतात तिथं आपलं काय काम?” खरं तर हे वाक्य माझ्या धंद्यातलं. ती आधी बोलून गेली. पुढच्या बसने आम्ही नानला निघालो. नान हा तिकडचा पूर्वेकडचा डोंगराळ जिल्हा. पर्यटक तिथे चुकून जातात. ताई ठरवून चालली होती, आणि कशासाठी चालली होती ते तिने मला सांगितलं नव्हतं.

नानच्या भाड्याच्या गाड्यांच्या दुकानात बाईने किल्ली माझ्या हातात दिली. मी ती ताईच्या हातात दिली. बाईने ताईच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं, काय समजायचं ते समजली, आणि ते गुलाबी हेल्मेट माझ्यासमोर सरकवलं.

कल्पेश, तुझी आई घाटात गाडी कशी चालवते हे तुला माहीत नाही. लहानपणी तू यझदीच्या टाकीवर बसायचास तेव्हा तुझं सगळं लक्ष हॉर्नच्या बटणावर असायचं. मलाही माहीत नव्हतं. ती वळणात शिरून मग ब्रेक शोधत नाही. वळण दिसायच्या आधी तिचा हात हलका होतो, गिअर खाली येतो, आणि इंजिन कुरकुर न करता पुढच्या चढाला लागतं. मागे बसलेल्याला वळण जाणवत नाही, नुसता डोंगर बाजू बदलतो. पुआ नावाच्या गावापुढे रस्ता दोई फू खाच्या जंगलात चढतो. सकाळी आम्ही वर होतो आणि ढग खाली, भातशेतीवर पसरलेले. गाडी अशी एखादीच. खांबांवर उभी केलेली लाकडी घरं, अंगणात वाळत घातलेला मका, आणि पाट्यांवर अशी अक्षरं, जी मला शेवटपर्यंत जिलब्यांसारखीच दिसत राहिली. ताई मात्र फाट्याफाट्यावर थांबायची, कोणातरी बाईला हाताने विचारायची, ती बाई हाताने सांगायची, आणि दोघींचं एकमत व्हायचं. एकीने काठीने अंगणातल्या धुळीत आम्हाला अख्खा रस्ता काढून दिला, त्यातल्या एका ओढ्यासकट. नकाशात तो रस्ता केसाएवढा होता. ताईला असलेच रस्ते हवे होते. पहिल्या दिवशी मी तिचे खांदे धरून बसलो होतो. मग मागची कडी धरायला लागलो. नंतर हात मांडीवर ठेवून डोंगर बघायला लागलो, आणि एका दुपारी चक्क माझा डोळा लागला. ती न थांबता म्हणाली, “हऱ्या, घोरू नको. मला इंजिन ऐकू येत नाय.”

हे ती शिकली कुठे, ते तुला वरवर माहीत आहे, पण नीट सांगतो. तुझ्या आजोबांचं, म्हणजे माझ्या बाबांचं, नायगावच्या खाडीवर मिठागर होतं. मिठागराच्या चौकोनांमधून जाणारे मातीचे बांध जेमतेम हातभर रुंद. बाबांनी एक राजदूत मोटरसायकल घेतली होती, मागे मिठाची गोणी बांधून बांधावरून रस्त्यापर्यंत आणायला. पहिल्यांदा ती माझ्या हातात दिली, कारण मी मुलगा. मी गाडी आणि गोणीसकट डाव्या बाजूच्या मिठाच्या पाण्यात गेलो. ते पाणी खरचटलेल्या अंगाला काय करतं ते इथे लिहीत नाही. बाबा कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, “ये रे भाईर. कमळे, तू बस.” आणि ताई परकर खोचून बसली आणि गेली. बांध ओला होता, शेवाळलेला होता, तरी गेली. पुढे गाव बोलत राहिलं, लग्नानंतर तर फारच बोललं, कारण यझदी भावोजींनी घेतली आणि चालवली ताईने. भावोजी तिच्या साडीचा पदर आणि छत्री सांभाळत मागे बसायचे. कोणी टोकलं तर म्हणायचे, “मला पुढे बसवलं तर दोघं मरू. मी मागे आहे म्हणून दोघं जिवंत आहोत.” त्या माणसासारखा मोठा माणूस मी आपल्या भागात दुसरा पाहिला नाही. आणि हो, मी हे सरळ लिहितोय, यात टोमणा नाही.

तर बांधावरची ती विद्या डोंगरात कामाला आली. एका उतारावर दरड येऊन गेली होती. दगड बाजूला केले होते, पण लाल चिकणमातीचा थर रस्त्यावर तसाच होता, लोण्यासारखा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली काहीच नाही. कोबी भरलेला एक टेम्पो अलीकडे थांबला होता आणि त्यातली माणसं रस्त्याच्या कडेला बसून संत्री सोलत होती. त्यांना घाई नव्हती. मलाही अजिबात नव्हती. ताई उतरली, वाकून माती बोटांत घेतली, चोळली, वास घेतला. मला म्हणाली, “उतर. तुझ्या वजनाचा बांध नाय हा.” मी म्हटलं, ताई, परत जाऊ. कल्पेशला काय सांगू? ती म्हणाली, “त्याला सांग देऊळ पाहिलं.” आणि निघाली. पाय खाली टेकले नाहीत, ब्रेकला हात नाही, नजर चाकाकडे नाही तर थेट पलीकडच्या कोरड्या डांबरावर. मधे एकदा मागचं चाक दरीकडे सरकलं. माझ्या तोंडून तुझं नाव निघालं, देवाचं नाही. तिने हँडलशी झोंबाझोंबी केली नाही, सरकू दिलं, आणि चाक आपणहून परत रांगेत आलं. पलीकडे पोचल्यावर ती मागे वळून बघत होती, मी येतोय की नाही ते. मी चिखलातून चालत गेलो आणि दोनदा पडलो. टेम्पोतल्या माणसांनी ताईला संत्री दिली. मला धुवायला पाणी दिलं.

आणि मग बो क्लुआ आलं. त्या नावाचा अर्थ मिठाची विहीर. मला हे तिथे पोचल्यावर कळलं, आणि ताई इतका खटाटोप करून कुठे चालली होती तेही तेव्हाच कळलं. चारी बाजूंनी डोंगर, समुद्र कितीतरी दूर, आणि ओढ्याकाठी लाकडी फळ्यांनी बांधलेली एक विहीर. तिचं पाणी खारं. ते पाणी मातीच्या लांबलचक चुलींवर मोठाल्या कढयांमध्ये उकळत ठेवतात. पाणी आटलं की मीठ उपसून वर टांगलेल्या बांबूच्या टोपल्यांमध्ये निथळायला टाकतात. झोपडीभर वाफ. कढईपाशी बसलेल्या बाईने ताईच्या हातात लांब दांड्याचा झारा दिला, आणि ताईने असा फिरवला की जणू मिठागरावर मीठ ओढायची तिचीच वेळ होती आणि मधली चाळीस वर्षं ती नुसती चहा प्यायला उठली होती. मग तिने चिमूटभर मीठ तळहातावर घेतलं, दाणा बघितला, जिभेवर ठेवला. “आपल्यापेक्षा बारीक,” म्हणाली. “पन खारं तेवढंच.”

मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्या नाकाखाली बघत राहिली. मला आधी वाटलं संत्र्याचं काही चिकटलंय. म्हणाली, “बाबा असते तर आज मिशी गेली असती.”

आता तुला ती गोष्ट माहीत नसणार. ताई शाळेत असताना एकदा ओटीवर मोठ्याने भूगोल वाचत होती आणि त्यात आलं की काही देशांत डोंगरातही मीठ मिळतं. बाबा जाळं विणत बसले होते. त्यांनी हात थांबवला. “डोंगरान मीठ पिकतंय? मंग दर्यान काय गूळ पिकतंय?” ताई म्हणाली, पुस्तकात लिहिलंय. बाबा म्हणाले, “दाखव मला. दाखवलास त मिशी काढून टाकीन.” बाबांची मिशी तू फोटोत पाहिली आहेस. पंचक्रोशीत ती त्यांच्या आधी पोचायची. ताई म्हणाली, लक्षात ठेवा हां बाबा. बाबा मिशीसकट गेले. पण ताईने लक्षात ठेवलं होतं. ती बँकेत लागली, लग्न झालं, तू झालास, निवृत्त झाली, भावोजी गेले, आणि या सगळ्याच्या खाली ते डोंगरातलं मीठ तसंच होतं. तिने तर्जनी आपल्या ओठावरून वस्तऱ्यासारखी फिरवून त्या बायकांना सगळी हकिकत हातवाऱ्यांनी सांगितली. बायकांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसून हसून त्यांना कढया सांभाळेनात.

निघताना तिने मिठाची एक पुडी घेतली, हेल्मेट घातलं, आणि मला म्हणाली, “चल. झालं माझं. आता गाडी विकायला हरकत नाय.” सहज म्हणाली, भाजी झाली, आता गॅस बंद कर म्हणावं तसं. जाताना ती पूर्ण घाटभर गुणगुणत होती, हे मी तुला सांगायचं विसरलो. परतीच्या घाटात गुणगुणली नाही.

घरी आल्यावर तू फोनवर गाठून ठेवलेला तो गास गावचा ग्लेन, जुन्या गाड्या दुरुस्त करणारा, रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आला. ताईने सकाळी यझदी स्वतः धुऊन पुसून ठेवली होती. किल्ली तुझ्या सांगण्यावरून माझ्याकडे होती. ग्लेनने किका मारमारून घाम काढला, गाडी ढिम्म. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई म्हणाली, “चोक अर्धाच ओढ.” तरी नाही. शेवटी हात पुसत बाहेर आली, एक किक मारली आणि आत गेली. ग्लेनने वाकून इंजिनाचा आवाज ऐकला आणि गाडी बंद केली. मग फाटकाशी मला म्हणाला, “हरेश्वर अंकल, मी घेईन, भावपन चांगला देईन. पन मी नेली की आंटी सकाळी उठून काय करनार?” माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, त्यावर माझं पोट चालतं. म्हटलं, पुढच्या रविवारी ये.

मी ताईला म्हणालो, नको विकूस. ती म्हणाली, “पोराला शब्द दिलाय मी. तू कोन मोडनारा?” आणि बरोबर आहे, मी कोणी नाही. ती चिडलेली नाही, रडत नाही, तुला दोष देत नाही. तू भितोस म्हणून ती सोडते आहे, बस. तिचा शब्द तिला परत द्यायचा तर तो फक्त तूच देऊ शकतोस. किल्ली मी तिच्या दाराजवळच्या खुंटीला लावून आलो आहे. तिने ती पाहिली. हलवली नाही आणि वापरलीही नाही. तरीही विकायचीच असेल तर खुशाल विक, पण स्वतः ये. आधी तिच्या मागे बसून अर्नाळ्यापर्यंत जाऊन ये, आणि मग किल्ली तिच्या हातून माग. हेल्मेट माझं घे. दुकानातल्या त्या बाईने निघताना मला ते भेट दिलं.

आता पत्र आजच का, तेवढं सांगायचं राहिलं. रविवारी तुझा व्हिडिओ कॉल येईल आणि त्यात मी दिसेन, तर घाबरू नकोस. टपालाने हे पोचेपर्यंत सगळं पूर्ववत उगवून येईल, म्हणून पानांचे फोटो काढून पाठवतो आहे. आज सकाळी मी आपल्या गावातल्या धर्मा न्हाव्याच्या सलूनमध्ये जाऊन मिशी काढून आलो. आपल्याकडे बाप्याची मिशी कधी उतरते ते तुला माहीत आहे, तुझीही भावोजींच्या वेळी उतरली होती. धर्माने वस्तरा खाली ठेवला, टीव्ही बंद केला आणि हळूच विचारलं, “कोन गेला, भाऊ?” मी म्हटलं, कोणी नाही रे, बाबांचं एक देणं राहिलं होतं. त्याला ते पटलं नाही, पण काढली. तिथून ताईकडे गेलो. रस्त्यात दोघांनी टोप्या काढल्या. ताई ओटीवर तांदूळ निवडत होती. मला पाहिलं आणि तिचा हात सुपात थांबला. रोज सकाळी येणारा तुझा फोन आज आलेला नव्हता. तिने दुसऱ्यांदा माझ्याकडे पाहिलंच नाही, बाजूला ठेवलेल्या फोनकडे पाहिलं, आणि त्या एका क्षणात तिचा चेहरा जसा झाला तसा मी तो त्या दरडीच्या चिखलातही पाहिला नव्हता. मी घाईघाईने तिच्या फडताळातली ती मिठाची पुडी आणली. मीठ हातात देत नाहीत, म्हणून तिच्यासमोर ओटीवर ठेवली आणि माझ्या ओठावरून बोट वस्तऱ्यासारखं फिरवलं. ती पुडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाबांची?” म्हटलं, बाबांची. तिने पदराने डोळे पुसले, माझ्या उघड्या ओठाकडे पाहून अंग हलेपर्यंत हसली, आणि सूप पुन्हा पुढे ओढून म्हणाली, “बस. फिटलं.”

तुझाच, तूर्त बिनमिशीचा,
हरेश्वरमामा